कासारपिंपळ देशाचा सलोखा निर्देशांक

यजमान देशांत शरणार्थ्यांच्या संदर्भात होणाऱ्या हिंसाचाराचं मोजमाप करण्याची जबाबदारी माझ्यावर आली, त्या वेळी बीड जिल्ह्यात एकही शरणार्थी उपलब्ध नव्हता. ही अडचण मी वरिष्ठांच्या कानावर घातली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मार्चअखेर जवळ आल्याची मला आठवण करून दिली.

मोजमापाची पद्धत परदेशात तयार झाली होती. एका देशातून पळून दुसऱ्या देशात आसरा घेणारे लोक, त्यांना आसरा देणारे यजमान आणि या दोघांमधल्या मारामाऱ्या, या सगळ्याचा तिच्यात बारकाईने विचार केला होता. हिंसाचार तीन प्रकारचा मानला होता: शरणार्थ्यांवर झालेला, शरणार्थ्यांनी केलेला आणि शरणार्थ्यांनी आपापसांत केलेला. पद्धत उत्तम होती म्हणून राज्याने ती घेतली, आणि राज्याने घेतली म्हणून ती जिल्ह्यांना वाटावी लागली. कोणत्या जिल्ह्याला तिची गरज आहे हे पाहत बसलो असतो तर वाटप रखडलं असतं. आमच्या वाट्याला पद्धत आली, संगणक आला आणि सहायक मापक म्हणून मी आलो. शरणार्थी तेवढे स्थानिक पातळीवर उभे करायचे होते.

चार-दोन बैठकांनंतर मार्ग निघाला. माजलगावच्या बाजूला एका धरणात लोणखेड नावाचं गाव बुडालं होतं, आणि तिथली काही घरं कासारपिंपळ गावाच्या शिवारात आणून वसवली होती. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली होती, पण गावात त्यांना अजून 'धरणवाले' म्हणत. आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावात राहावं लागणं हे शरणार्थ्याचं मुख्य लक्षण त्यांच्यात पुरेपूर होतं. छळ कुणी केला, या प्रश्नापुढे मी 'पाणी' असं लिहिलं आणि संगणकाने ते बिनतक्रार स्वीकारलं.

एकच गोष्ट संगणक स्वीकारत नव्हता. यजमान म्हणून त्याला देशच हवा होता, गाव चालत नव्हतं. पद्धतीचं काम पाहणाऱ्या पुण्याच्या सल्लागार मॅडमना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या की प्रणाली बदलता येत नाही, त्यापेक्षा गाव बदला. तेव्हा मी कासारपिंपळला देश केलं. राजधानी म्हणून मारुतीचा पार लिहिला, आणि गाव व वसाहत यांच्यामधल्या ओढ्याला सीमेचा दर्जा दिला. राष्ट्रप्रमुख म्हणून सरपंच वनमालाबाईंचं नाव घातलं. त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या भाकऱ्या थापत होत्या, म्हणून त्यांच्या वतीने त्यांचे यजमान मोहनराव बोलले. गेली दोन वर्षं तेच बोलत होते.

मोहनराव भारदस्त गृहस्थ होते. त्यांचा ऊस ओढ्यापर्यंत पसरलेला होता आणि दरवर्षी थोडा पुढेच सरकत होता. माझ्या राहण्याची सोय त्यांनी आपल्या शेतातल्या बंगलीवर केली. मोजणारा माणूस निष्पक्ष असावा असं पद्धतीत स्पष्ट लिहिलं आहे, म्हणून पहिल्या दिवशी मी मटण नको म्हणालो. पण नाही म्हटलं तर यजमान देशाच्या भावना दुखावतील आणि मोजणाऱ्यामुळेच तणाव वाढेल, हेही त्याच पद्धतीत होतं. तणाव वाढू नये म्हणून मी जेवलो. तिखट जरा जास्त होतं, पण मन लावून केलेलं होतं.

जेवताना मी मोहनरावांना विचारलं की, शरणार्थ्यांशी तुमचे संबंध कसे आहेत.

"लई भाईचारा हाय साहेब," मोहनराव म्हणाले. "आमी त्यांना कशाला न्हाई म्हनत न्हाई. ते बी काई मागत न्हाईत. मागनारा असला की मंग भांडनं व्हतात."

ही व्याख्या मला पद्धतीतल्या व्याख्येपेक्षा सुटसुटीत वाटली.

दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडून मी वसाहतीत गेलो. वसाहतीतली बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची होती. बुद्धविहार लहानसं, पण झाडून-पुसून स्वच्छ ठेवलेलं होतं. ओढ्यावर पूल नव्हता, त्यामुळे सीमा ओलांडताना माझे बूट भिजले आणि मी त्याची प्रवासातील हानी म्हणून नोंद केली. सगळ्यांत आधी मला चतुराबाईंच्या घरी नेण्यात आलं. बाजेवर त्यांचे पती माणिकराव पडून होते. लोणखेडहून आलेल्या मूळ माणसांपैकी वसाहतीत उरलेले तेवढे दोघंच होते, बाकीचे वारले होते किंवा शहरांकडे निघून गेले होते. म्हणजे माझ्या अख्ख्या अभ्यासाचा आधार या नवराबायकोवर होता आणि त्यातल्या एकाला धाप लागत होती. मला साहजिकच काळजी वाटली.

माणिकरावांच्या छातीत पाणी झालं होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला, असं सांगितलं होतं. याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळला होता, माणिकरावांनाही. त्यांनी झोपल्या झोपल्या हात जोडून मला जय भीम घातला. मीही मान हलवली.

चतुराबाईंनी विचारलं, "जमीन मोजाया आलाव का?"

मी सांगितलं की जमीन नाही, हिंसाचार मोजायला आलोय.

"मंग ती जागा आदी मोजा," त्या म्हणाल्या. "ती मोजली की तुमची हिंसा तितंच मोजून व्हईल."

जागा म्हणजे त्यांची स्मशानभूमी. वसाहत वसवली तेव्हा सरकारने नकाशात ओढ्याकाठी या लोकांसाठी स्मशानाची जागा राखून ठेवली होती. नकाशात ती अजूनही होती. जमिनीवर मात्र मोहनरावांच्या नांगराने दरवर्षी एकेक ओळ पुढे सरकत ती खाल्ली होती, आणि यंदा तर राहिलेल्या पट्टीतही ऊस उभा होता. वसाहतीतलं आधीचं माणूस गेलं तेव्हा ओढ्याच्या पात्रात, अगदी काठाशी, कसंबसं सरण रचलं होतं. कासारपिंपळची आपली स्वतःची स्मशानभूमी होती, तिथे पत्र्याचं शेड होतं, पाण्याची टाकी होती, बसायला बाकडीही होती. पण ती वसाहतीसाठी नव्हती. कशामुळे नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी सांगत नव्हतं. मलाही विचारता आलं नाही. पद्धत परदेशात तयार झाल्यामुळे तिच्यात जातीचा रकाना नव्हता.

चतुराबाईंचं मागणं एवढंच होतं की म्हातारा आहे तोवर त्याची जागा मोकळी झालेली त्याला दिसावी. पैसा नको, घर नको, योजना नको. त्या फार शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे मला तणावाची पातळी 'अल्प' अशी लिहिता आली.

मी हे मोहनरावांच्या कानावर घातलं. ते दुखावले. उसाला जीव लावलेला असतो, तो असा उभा कापता येतो का, असं त्यांनी मलाच विचारलं. कारखाना दिवाळीनंतर सुरू होईल, तेव्हा पहिली तोड तिथूनच सुरू करू, तोवर माणिकरावांनी कळ काढावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. मी तो प्रस्ताव वसाहतीला कळवला. माणिकरावांनी कळ काढण्याचा प्रयत्न करतो असं सांगितलं, पण त्यांना बोलतानासुद्धा धाप लागत होती.

माणिकरावांचा मुलगा सतीश माजलगावच्या अडत बाजारात हमाली करायचा. बापाची अवस्था पाहून तो सुट्टी टाकून घरी आला होता. कुणाला न विचारता एके दिवशी सकाळी तो कोयता घेऊन ओढ्याकाठी गेला आणि एका माणसाला आडवं करता येईल एवढ्या जागेतला ऊस तोडायला त्याने सुरुवात केली. बातमी बंगलीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. मी चहा घेत होतो. मोहनरावांची माणसं काठ्या घेऊन माझ्यासमोरूनच गेली. जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

मी पोहोचलो तेव्हा सतीश उसात पडला होता. उजवा हात कोपराच्या खाली वेगळ्याच दिशेला वळला होता. कान फुटला होता. चतुराबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदराने रक्त टिपत होत्या. मला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण त्याचबरोबर, खरं सांगायचं तर, हायसंही वाटलं. मार्च संपत आला होता आणि माझ्या हाती तोवर एकही घटना नव्हती. मी सतीशला धीर दिला. हलू नकोस, तुझी नोंद होईपर्यंत असाच पडून राहा, असं सांगितलं.

"कावून मारलं त्ये लिहा साहेब," सतीश दातावर दात दाबून म्हणाला. "कितीक मारलं त्ये न्हाई. कावून, त्ये लिहा."

कारणाचा रकाना पद्धतीत होता, पण तो ऐच्छिक होता.

सतीशला जीपमधून अंबाजोगाईला नेलं आणि हाताला प्लास्टर घातलं. चतुराबाई तक्रार द्यायला ठाण्यात गेल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि समजावलं की, हिंसाचार मोजायला सरकारने खास माणूस गावातच बसवला आहे, तेव्हा एकाच घटनेची दोन-दोन कार्यालयांत नोंद झाली तर आकडा फुगेल. चतुराबाई तिथून थेट माझ्याकडे आल्या. लोकांचा एखाद्या यंत्रणेवर इतका विश्वास असतो, हे पाहून मला भरून आलं.

मी संगणक उघडला. 'शरणार्थ्यांवर झालेला हिंसाचार' हा रकाना निवडला. जखमीचं नाव सतीश माणिकराव असं लिहिलं. पुढचा प्रश्न आला: जखमी व्यक्ती कोणत्या वर्षी यजमान देशात आली? मी सतीशला फोन लावला. तो म्हणाला, मी कुठून येणार, मी इथेच जन्मलो. ते लिहिताच संगणकाने लाल अक्षरांत सांगितलं की यजमान देशात जन्मलेली व्यक्ती शरणार्थी नाही.

ठीक आहे, म्हणून मी सतीशला यजमान देशाचा नागरिक केलं. तेव्हा प्रणालीने देशाच्या मूळ नागरिकांची यादी पुढे केली. ती मोहनरावांनी स्वतः बसून भरून दिली होती आणि तिच्यात वसाहतीतलं कुणीच नव्हतं. मी मोहनरावांना विचारलं, तर ते म्हणाले की, धरणवाले ते धरणवालेच, उद्या शंभर वर्षं राहिले तरी गावकरी कसे होतील. मग संगणकाने निष्कर्ष काढला की, सतीश शरणार्थीही नाही आणि यजमानही नाही, आणि जो दोन्हीपैकी कुणीच नाही त्याला या अभ्यासाच्या कक्षेत मारहाण होऊ शकत नाही.

सल्लागार मॅडमना फोन केला. त्यांना फार आनंद झाला. अशी गुंतागुंतीची केस देशात दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती, त्यावर त्या निबंध वाचणार होत्या. नोंदीबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाल्या की मोजमापाचा पहिला नियम लक्षात ठेवा: जे बसत नाही ते कोंबायचं नाही. मार सतीशला बसला होता, रकान्यात मात्र तो बसत नव्हता. एवढी साधी गोष्ट चतुराबाईंना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

"त्याचा हात मोडलाय," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. जणू मी ते नाकारत होतो.

तरी मी प्रामाणिक माणूस आहे. घटना घडली होती तर तिची नोंद कुठे ना कुठे व्हायला हवी, या तळमळीने मी सगळे रकाने पुन्हा चाळले. 'मालमत्तेची हानी' या रकान्यात आगमनाचं वर्ष विचारत नव्हते. हानी करणारा कोणत्या छावणीतून आला, एवढंच विचारत होते. छावणी म्हणून मी वसाहत लिहिली आणि संगणक खूश झाला. सतीशने तोडलेला ऊस, शिवाय मार खाऊन तो पडला तेव्हा त्याच्या अंगाखाली मोडलेला ऊस, असं सगळं त्यात व्यवस्थित बसलं. मोडलेला हात गेला, पण मोडलेला ऊस आला. प्रकार कोणता, याचं उत्तर संगणकाने आपणहून भरलं: शरणार्थ्यांनी केलेला हिंसाचार.

त्या नोंदीमुळे वसाहत धोकादायक ठरली असती. पण मोहनरावांनी मनाचा मोठेपणा दाखवला. त्यांनी पारावर चार माणसं जमवली, सतीशला बोलावून आणलं आणि ऊस मोडल्याबद्दल त्याला सगळ्यांसमक्ष माफ केलं. आपल्याकडे गावातलं भांडण गावात मिटतं ही जुनी रीत आहे, आणि पद्धतीतही मिटलेल्या घटनेला शून्य गुण आहेत. अशा रीतीने मार्चअखेर कासारपिंपळ देशात एकूण हिंसाचार शून्य भरला. यजमानाने क्षमा केल्याचे जादा गुण मिळून सलोखा निर्देशांक राज्यात सर्वाधिक ठरला.

एक मे रोजी ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन झालं आणि लगेच सत्कार समारंभ झाला. मोहनरावांना मानपत्र मिळालं. वनमालाबाईंनी ते स्वीकारलं आणि लागलीच मोहनरावांच्या हाती दिलं. मग पाहुण्यांच्या भाषणात असं निघालं की सलोखा काही एका हाताने होत नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूचाही सत्कार व्हायला हवा. सतीशला मंचावर बोलावलं. शाल त्याच्या खांद्यावर अशी पांघरली की प्लास्टर झाकलं जावं आणि फोटो चांगला यावा. श्रीफळ देताना थोडी पंचाईत झाली. सतीशचा डावा हात शालीत गुंतला होता आणि उजवा गळ्यात बांधलेला होता. शेवटी नारळ त्या झोळीतच ठेवला. सतीश कळवळला. टाळ्यांमुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाप लई आजारी हाय. जागा द्या." पाहुण्यांनी याचा अर्थ असा लावला की, वडिलांच्या आजारपणातही हा तरुण कार्यक्रमाला आला, आणि त्याला पुढच्या रांगेत जागा देण्यात आली.

पुरस्काराच्या निधीतून काय करायचं यावर विचार झाला. मी ओढ्यावर पूल सुचवला, कारण बूट माझेच भिजले होते. पण मोहनरावांना सीमेवर स्वागत कमान हवी होती. कमान झाली. तिच्यावर 'अतिथी देवो भव' असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली लहान अक्षरांत मोहनरावांचं नाव घातलं, पण लहान अक्षरंही बरीच मोठी होती. कमानीचा एक खांब कुठे रोवायचा हा प्रश्न आला, तेव्हा ओढ्याकाठची, सतीशने ऊस तोडून मोकळी केलेली तेवढीच जागा रिकामी सापडली.

मेच्या अखेरीस एका सकाळी माणिकराव गेले. बाजेवरून खाली घ्या, एवढंच ते म्हणाले होते.

मी लगेच वसाहतीत गेलो. एक शरणार्थी कमी झाला होता आणि कसा कमी झाला ते ठरवणं माझं काम होतं. मृत्यू नैसर्गिक होता, त्यामुळे हिंसाचाराचा प्रश्न उद्भवत नव्हता. विहारातून निळं वस्त्र आणलं होतं, बाया-माणसं जमली होती, त्रिसरण-पंचशील झालं. नंतर माणसं तिरडी उचलून उन्हात उभी राहिली, कारण पुढे जायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. चतुराबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी मोहनरावांकडे गेलो.

मोहनराव अंत्यदर्शनाला स्वतः कमानीपर्यंत आले होते, हे नमूद केलं पाहिजे. गावही आलं होतं. कुणाच्या हातात काठी नव्हती. पुरस्कार मिळाल्यापासून गाव फार जबाबदार झालं होतं. लोक नुसते उभे होते, उसाच्या कडेने, एकाला लागून एक, आत जायला वाट किंवा पात्रात सरणाला जागा राहू नये असे. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. मोहनराव हात जोडून म्हणाले की, दुःखात आम्ही सहभागी आहोत, पण उभा ऊस आहे, वाळली पाचट आहे, ठिणगी उडाली तर सगळा मळा पेटेल, आणि दिवाळीनंतरचा शब्द आम्ही मागेच दिला आहे. मी गावच्या स्मशानभूमीचा विषय काढला. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि मला एकदम आठवलं की आज बंगलीवर जेवण आहे.

मी परत येऊन चतुराबाईंना सांगितलं की, चर्चा सकारात्मक झाली.

त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या नवऱ्याच्या तोंडावरची माशी वारत उभ्या राहिल्या. मग सतीशला म्हणाल्या, "धरण आटलंय. लोनखेड उगडं पडलंय म्हनत्यात. चला, तितं नेऊ."

कुणीतरी म्हणालं, लांब आहे, ऊन फार आहे, चिखल असेल.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तितं कुनाचा ऊस न्हाई."

तिरडी कमानीखालून निघाली. वाट तेवढीच होती. सतीशने डावा खांदा दिला होता. मी पद्धतीप्रमाणे मागोमाग गेलो. धरणाचं पाणी मध्यापर्यंत मागे गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात लोणखेडची जोती उघडी पडली होती. कुठे एखादा उंबरा दिसत होता, कुठे जात्याची तळी. चतुराबाई न चुकता गल्लीबोळ ओळखत पुढे चालत होत्या. इथे शाळा, इथे आड, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या, आणि एका जोत्यापाशी थांबून त्यांनी त्यावरचा गाळ हाताने पुसला. ते त्यांचं घर होतं. मी पाण्याची बाटली काढली आणि पाणी प्यायलो. गावाच्या जुन्या मसणवट्यात, जिथे माणिकरावांच्या बापाला जाळलं होतं, तिथे सरण रचलं. आषाढात पाणी चढलं की तीही जागा बुडणार होती, पण तोवर काम होणार होतं.

बंगलीवर येऊन मी नोंद करायला बसलो. आणि हे सांगताना मला अभिमान वाटतो की, इतक्या अवघड प्रसंगीही माझी कर्तव्यबुद्धी जागी राहिली. शरणार्थी यजमान देशातून निघाला, सीमा ओलांडली आणि आपल्या मूळ देशात पोहोचला. वाटेत कुणी बळजबरी केली नाही. जोर लावून हाकललं असं म्हणायला एकही काठी उगारलेली मी पाहिली नव्हती. अशा घटनेसाठी पद्धतीत शेवटच्या पानावर एक रकाना आहे. तो आजवर कुणाच्या उपयोगी पडलेला नव्हता: 'शरणार्थ्याची स्वेच्छेने मायदेशी वापसी'. मी तिथे माणिकरावांचं नाव लिहिलं.

फोनवर हे ऐकून सल्लागार मॅडमना हुंदका आला. जगभर लाखो लोक वर्षानुवर्षं छावण्यांत कुजत पडले आहेत, मोठमोठ्या देशांना जे जमलं नाही ते बीड जिल्ह्याने करून दाखवलं, असं त्या म्हणाल्या. कासारपिंपळचं प्रकरण आता बाहेरच्या परिषदेत मांडलं जाणार आहे. मोहनरावांना सूट शिवायला टाकायला सांगितलं आहे. चतुराबाईही परतण्यास पात्र आहेत का, अशी विचारणा वरून आली आहे आणि मी 'हो' असं कळवणार आहे.

फक्त एक त्रुटी राहिली आहे. वापसी स्वेच्छेने झाली हे सिद्ध करायला एक साक्षीदार लागतो. जाणाऱ्याने जाताना हरकत घेतली नाही, हे त्याने पाहिलेलं असावं. तो वसाहतीतला नसावा, कारण ते नातेवाईक ठरतात. गावातला नसावा, कारण ते यजमान ठरतात. सरकारी माणूस चालत नाही. म्हणजे असा कुणीतरी हवा, जो लांबून सगळं पाहत होता, ज्याला सगळं कळत होतं, ज्याचं यात काही जात नव्हतं आणि जो शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

असा माणूस मिळणं कठीण जाईल असं मला वाटलं होतं, पण आपण वाचत वाचत इथवर आलातच. सतीशला मारलं तेव्हा आपण होता. सत्काराला तर आपण हसलातही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिरडी कमानीखालून गेली तेव्हाही आपण पाहत होता, आणि माणिकरावांनी हरकत घेतली नाही, हे आपल्याइतकं कुणीच सांगू शकणार नाही. सोबत प्रपत्र जोडलं आहे. त्यात प्रश्न एकच आहे: जाणाऱ्याला जागा मिळावी म्हणून आपण काही केलं होतं का? त्यापुढचं 'नाही' मी आधीच भरून ठेवलं आहे, आपण फक्त खाली सही करायची आहे.